येळवशीला गेले आणि परसातच रमले

लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं माणसांनी भरून जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, मग भज्जी, उंडे, आंबील, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाताला धरून पंगतीला बसवणं. औसा तालुक्यात आत्याकडे मी दरसाल जाते ती या जेवणासाठीच. यंदा कॅमेरा घेऊन गेले होते. सण उरकला, पाहुणे पांगले, मी मात्र परसातल्या पाखरांसाठी मागे राहिले.

आत्याचं गाव १९९३च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं आहे. जुन्या गावात माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, भिंतीला भिंत लागलेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे त्याच जाड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरचं मातीचं ओझं माणसांवर कोसळलं. पुनर्वसनात रुंद रस्ते आले, सुटे सुटे प्लॉट आले, सिमेंटची घरं आली. बऱ्याच जणांनी उरलेल्या जागेत पत्र्याचं शेड ठोकलं. आत्यानं शेवगा, पपई, कढीपत्ता, जास्वंद लावली. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू माजलंय. कुंपण मेंदीचं, मधेमधे घाणेरी घुसलेली, आणि ते छाटायला कुणाला कधी वेळ झालेला नाही. माझ्या मते त्या परसाचं निम्मं वैभव या न छाटलेल्या कुंपणात आहे. बुलबुल, शिंपी, चिरक सगळे त्यातच दडतात.

चिमण्यांचं मात्र नव्या घरांशी जमलं नाही. माळवदाच्या किलचणात, म्हणजे मातीखालच्या लाकडी काड्यांच्या थरात, त्यांना हव्या तेवढ्या फटी होत्या. स्लॅबला फट कुठली? आत्यानं मीटरच्या पेटीशेजारी बुटाची खोकी टांगलीत. एका खोक्यातून गवताच्या काड्या बाहेर लोंबत होत्या, म्हणजे बिऱ्हाड लागलंय.

पहिल्या सकाळी मी बाज उभी केली, तिच्यावर गोधडी टाकली आणि मागे लेन्स रोखून बसले. पाखरं कुंपणातून डोकावायची, पाण्याकडे काही यायची नाहीत. आत्या चहा घेऊन आली.

"कव्हा धरनं बसलीस? काय बघायलीस येवढं?"

"हळू बोल गं आत्या, पाण्यावर यायलेत."

"आगं, तू गोधडीमागं दडलीस ते कळत नसंल का त्यांला? समदं कळतंय. हिकडं ये, माझ्यापशी बस."

ती न्हाणीजवळच्या दगडावर भांडी घासायला बसली, मी शेजारी पाट घेतला. तिच्यापासून दोन हातांवर लालबुड्या बुलबुल येऊन पाणी प्यायला लागला. रोजची बाई, रोजचा खळखळाट, त्यांना भीती वाटावी असं त्यात काही नव्हतंच. पुढचे सगळे चांगले फोटो मी राखेच्या टोपलीशेजारून काढलेत. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर लावून त्यांना बोलावणारे लोक असतात. मला तो प्रकार अजिबात पटत नाही. पाखरू बिचारं आपल्या हद्दीत दुसरा आला समजून चवताळून येतं आणि आपण म्हणायचं, काय पोज दिली!

नऊच्या सुमाराला सातभाईंची टोळी उतरायची. एक जण शेवग्यावर पहाऱ्याला, बाकीचे केळीखालचा पाचोळा उलटापालटा करत. पाचोळा झाडून काढणाऱ्या शेजारच्या चकाचक अंगणात ते जातसुद्धा नव्हते. थिरथिरा एकटाच यायचा. हा थंडीचा पाहुणा, उन्हाळ्यात हिमालयाकडे उंचावर असतो. कपडे वाळवायच्या तारेवर बसला तरी त्याची तांबूस शेपटी थरथरायची काही थांबत नाही, त्यामुळे शटर १/१००० सेकंदावर ठेवूनही शेपटी हललेलीच.

शिंजिराला, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पाखराला, त्याहून जास्त वेळ दिला. डिसेंबरात नराला अजून पुरता रंग चढलेला नसतो. पोट पिवळट, गळ्यापासून खाली एक काळी पट्टी, खांद्याशी निळी चमक. तो जास्वंदीच्या तोंडातून आत शिरतच नव्हता. फुलाच्या बुडाशी, हिरव्या पाकळ्यांच्या वर, बाजूनं चोच खुपसायचा आणि मध ओढायचा. परागकणांचा धंदा गेला उडत! जवळ जाऊन पाहिलं तर बहुतेक फुलांच्या बुडाशी बारीक चिरा होत्या. ती निळी चमक रंगद्रव्याची नसते, पिसाच्या रचनेतून येते. सावलीत तोच खांदा काळा ठिक्कर दिसतो, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन तो मान कधी वळवतोय याची वाट बघत बसावं लागतं.

दुपारी मामांबरोबर, म्हणजे आत्याच्या यजमानांबरोबर, शिवारात गेले. हरभरा पेरताना ते मूठभर ज्वारी त्यात मिसळतात. ज्वारीची ताटं हरभऱ्यापेक्षा उंच होतात आणि पाखरांना बसायला आयती जागा मिळते. त्या ताटांवर कोतवाल आणि वेडे राघू बसले होते. कोतवाल खाली झेपावायचा, घाटेअळी उचलायचा, पुन्हा त्याच ताटावर. फोटोसाठी याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक नाही, फक्त काळ्या अंगामुळे एक्स्पोजर थोडं वाढवावं लागतं, नाहीतर डोळासुद्धा दिसत नाही.

लातूरहून औशाला एसटी भरपूर आहेत, पुढे गावोगाव जीप मिळते. येळवशीच्या आदल्या दिवशी मात्र पाय ठेवायला जागा नसते. मोठी लेन्स नसली तरी चालतं, ३०० मिमीची झूम परसाला पुरते. भोरड्या बघायच्या असतील तर ज्वारी हुरड्यात आल्यावर जा. मध्य आशियातून आलेले हे गुलाबी पाठीचे, काळ्या डोक्याचे थवे एप्रिलपर्यंत आपल्याकडे असतात, टोळ-नाकतोडे खातात आणि त्याच तोंडानं कणसंही.

मामांच्या वरच्या पट्टीवर एक थवा उतरला तेव्हा मी भराभर शटर दाबत सुटले आणि मामा गोफण शोधत पळाले. थवा उठला, लिंबावरून वळला, पलीकडच्या रानात बसला. मामा धापा टाकत आले नि कॅमेऱ्यात डोकावले.

"झ्याक आलाय. मोबाइलवर धाड मला."

"आवडला होय मामा?"

"आवडायचं काय त्यात? पंचनाम्याच्या वक्ताला कामाला यील."