आमची वाटचाल : मोकळ्या दिवसांचा हिशेब

सहलीची कार्यक्रमपत्रिका हातात आली की बहुतेक जण आधी ठिकाणं मोजतात. बारा दिवसांत किती बसवली, यावर सहल भरगच्च की पातळ ते ठरतं. व्यवसाय सुरू केला तेव्हा आम्हीही पत्रिका अशाच भरायचो. थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. रोज नवं शहर, रोज नवी खोली. पुढे त्याच सहलींत एखादा साहसाचा दिवस घालू लागलो, मग पूर्ण ट्रेक, डायव्हिंग, ज्वालामुखी असं काम वाढत गेलं. तेव्हापासून आतापर्यंत आमच्या पत्रिकांत ठिकाणांपेक्षा जास्त काही वाढलं असेल, तर ते म्हणजे मोकळे दिवस. ते कुठे ठेवायचे, का आणि किती, हे प्रत्येक नव्या प्रवाशाला फोनवर सांगतोच. इथे सविस्तर लिहून ठेवतो आहोत.

एव्हरेस्ट बेस कॅम्पपासून सुरुवात करू, कारण हा हिशेब तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. विमान लुक्लाला उतरवतं ती जागा साधारण २,८६० मीटरवर, आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. आमची चढाई आठ दिवसांची आहे. पहिली रात्र फाकडिंग, मग नामचे (३,४४०) दोन रात्री, तेंगबोचे (३,८६०) एक, दिंगबोचे (४,४१०) दोन, लोबुचे (४,९४०) एक, आणि आठव्या दिवशी गोरक्षेप (५,१६४) गाठून दुपारी बेस कॅम्प. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा उंचीवरच्या वैद्यकाचा सर्वमान्य दंडक. या वाटेवर तो काटेकोर पाळता येत नाही, कारण मुक्कामाची गावं आहेत तिथेच आहेत. फाकडिंग ते नामचे आठशे मीटरहून मोठी उडी, तेंगबोचे ते दिंगबोचे साडेपाचशेची. म्हणून जास्तीच्या रात्री नेमक्या याच दोन गावांत आहेत. दिवस वाचवायला त्यातली एक काढा, असं सुचवणारा फोन दर हंगामात येतो. आम्ही ती काढत नाही.

मोकळा दिवस म्हणजे लोळायचा दिवस नव्हे. नामचेहून सकाळी एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत, म्हणजे ३,८८० मीटरपर्यंत चढायचं, तासभर थांबायचं आणि झोपायला परत नामचेला यायचं. वर चढून खाली झोपल्यानं शरीराला विरळ हवेची सवय लागते. हवेत प्राणवायूचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो दाब, आणि बेस कॅम्पला तो समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. त्यामुळे दमदार माणसालाही सूट नाही. उलट तरुण, रोज पळणारी मंडळी पहिल्या तीन दिवसांत भराभर पुढे जातात आणि चौथ्या दिवशी डोकं धरून बसतात, हे चित्र आमच्या लीडरांना पाठ झालं आहे.

रोज संध्याकाळी जेवणाआधी लीडर प्रत्येकाजवळ बसून चार प्रश्न विचारतो : डोकं दुखतंय का, मळमळ किंवा अन्न नकोसं वाटतंय का, थकवा किती, गरगरतंय का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त आली, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी वर जात नाही, तिथेच थांबतो. दुखणं वाढलं तर खाली. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही असतो, पण त्याच्या आकड्यावर निर्णय घेत नाही. थंडगार बोट, नेलपॉलिश, संपत आलेली बॅटरी, यांपैकी काहीही आकडा बिघडवतं. हात पाच मिनिटं खिशात ऊबवून मगच ते लावायचं.

एक चाचणी मात्र आम्ही आकड्यांपेक्षा वरची मानतो. लॉजच्या लाकडी फरशीवर फळ्यांची सरळ रेघ असतेच. त्या रेघेवर टाचेला दुसऱ्या पायाचा पंजा लावत दहा पावलं टाकायला सांगायचं. निरोगी माणूस थोडा हलतो, पण रेघ सोडत नाही. ज्याचा पाय बाजूला पडतो, जो भिंतीचा आधार शोधतो, त्याच्या मेंदूला सूज येत असण्याची शक्यता धरून त्याला त्याच वेळी खाली न्यायचं. रात्रीचे अकरा असले तरी, बाहेर बर्फ असला तरी. सकाळपर्यंत बघू, हे वाक्य आमच्या लीडरांना वर्ज्य आहे. डायमॉक्स ही गोळी अनेक जण उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात, साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ती आमच्याकडून मिळत नाही. आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगायचं.

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि जवळपास बारा टक्के चढाची. उतरायचं चढाकडे तोंड करून, उडायचं उताराकडे, आणि उतरताना चुकलं तर पुन्हा घिरटी घेऊन यायला जागा नाही. वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसावी लागते. दुपारी वारा उठतो, ढग दरीत भरतात, म्हणून उड्डाणं सकाळचीच. गर्दीच्या हंगामात बरीच विमानं काठमांडूऐवजी मंथली गावच्या विमानतळावरून सुटतात. तिथवर रस्त्यानं चार-पाच तास लागतात, म्हणजे मध्यरात्रीनंतर निघायचं. हवा बिघडली की सगळी उड्डाणं रद्द, आणि दुसऱ्या दिवशी आधी त्या दिवसाच्या प्रवाशांना जागा मिळते. राहिलेल्यांनी रांगेत थांबायचं. म्हणून परतीला काठमांडूत दोन दिवस मोकळे ठेवतो आणि आंतरराष्ट्रीय तिकीट त्यानंतरचंच काढायला सांगतो. हवा चांगली राहिली तर ते दोन दिवस शेजारच्या भक्तपूर आणि पाटणला देतो. भक्तपूरचं पाच मजली न्यातपोल देऊळ आणि पाटणचं दगडी कृष्णमंदिर घाईत बघण्याच्या गोष्टी नव्हेत.

या विमानात हातातल्या पिशवीसकट माणशी साधारण पंधरा किलो सामान चालतं. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात लटकता काटा लावून प्रत्येक बॅग तोलतो. जास्तीचं वजन बहुधा तीन गोष्टींचं निघतं : जीन्स, दुसरे बूट आणि मोठी टॉयलेटची पिशवी.

बुटांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ट्रेक मोडण्याचं हे सर्वांत साधं आणि टाळता येण्याजोगं कारण आहे. चांगल्या ट्रेकिंग बुटाच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो वर्षानुवर्षं आतून विरत जातो, आणि बूट न वापरता कपाटात पडून असेल तर आणखी लवकर. वरून बूट नवाकोरा दिसतो. तिसऱ्या दिवशी दगडी उतारावर तळवा अचानक जिभेसारखा लोंबायला लागतो, दुसऱ्या बुटाचाही दिवसभरात तसाच. घरी तपासायचं ते असं : बूट दोन्ही हातांनी धरून पंजाकडे वाकवायचा, तळव्याच्या बाजूच्या पट्टीवर बारीक भेगा दिसतात का बघायचं, नखानं दाबलं की भुगा पडतो का बघायचं. भुगा पडला तर चिकटवून उपयोग नाही, कारण गोंद धरायला थरच उरलेला नसतो. लीडरच्या सॅकमध्ये चिकटपट्टीचा रोल आणि प्लॅस्टिकचे लांब टाय असतात. पट्टी पंजाला आडवी तीन वेढे, टाय नाळेच्या पुढे आणि मागे. इतक्यावर दोन दिवस निघतात.

समुद्राच्या सहलींत मोकळा दिवस वेगळ्याच कारणानं लागतो. बालीत डायव्हिंग करून लगेच जावातल्या ब्रोमो ज्वालामुखीवरचा सूर्योदय किंवा परतीचं विमान, अशी पत्रिका कागदावर फार सुबक दिसते, पण ती धोक्याची आहे. पाण्याखाली दाबानं रक्तात आणि पेशींत जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघायच्या आत माणूस उंचीवर गेला, तर दाब घटून आतच बुडबुडे होतात. विमानाच्या केबिनमधला दाब जवळपास २,४०० मीटर उंचीसारखा असू शकतो, आणि ब्रोमोचा माथाही २,३२९ मीटरवर आहे. म्हणजे डोंगराचा रस्ताही विमानाइतकाच विचारात घ्यायला हवा. एकच डाइव्ह असेल तर किमान बारा तास, अनेक असतील तर अठरा, हा नेहमीचा नियम. आम्ही पूर्ण चोवीस तास सोडतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे क्रमच उलटा ठेवणं : आधी ज्वालामुखी, मग समुद्र, शेवटचा दिवस पाण्याबाहेर. बालीतल्या उबुदची भातखाचरं त्या दिवसासाठीच राखलेली आहेत.

पूर्व जावातल्या इजेन ज्वालामुखीला निळी ज्योत बघायला रात्रीच चढावं लागतं, कारण पेटलेल्या गंधकवायूची ती ज्योत उजेडात दिसत नाही. पायथ्याच्या पाल्तुडिंगपासून विवराच्या कडेपर्यंत तीन किलोमीटरची खडी वाट, दीड-दोन तासांची. आत उतरायचं असेल तर आम्लवायूसाठीचा फिल्टर लावलेला मास्क हवा. ओलं फडकं किंवा साधा कापडी मास्क सल्फर डायऑक्साइडला अडवत नाही. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का ते खाली पार्किंगमध्येच बघायचं. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते. वारा फिरला की धूर एका मिनिटात वाटेवर येतो, तेव्हा पळायचं नाही, वाऱ्याला आडवं चालायचं. दम्याच्या प्रवाशांना आम्ही कडेवरूनच नीलहिरवं आम्लसरोवर दाखवतो, आणि ते पहाटेच्या उजेडात अप्रतिमच दिसतं. वायू वाढला की ही वाट बंद होते, म्हणून तिथेही एक रात्र हाताशी असते.

व्हिएतनामच्या उत्तर टोकाला हा जियांगची मोटरसायकल फेरी आहे. न्यो क्वे नदीच्या खोल घळीवरून जाणारा मा पी लेंग घाट आशियातल्या देखण्या रस्त्यांपैकी एक. आमचे प्रवासी तिथे गाडी चालवत नाहीत, स्थानिक चालकामागे बसतात. भारतात मिळणारा वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्तेवाहतूक करारानुसारचा असतो, व्हिएतनाम १९६८ च्या करारानुसारचा मानतं. म्हणजे खिशात परवाना असूनही कायद्याच्या लेखी तो नाहीच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. भाड्यानं गाडी देणारे हे सांगत नाहीत. एका स्थानिक एजन्सीनं आमच्या गटाला ‘इथे चालतं’ असं लेखी कळवलं होतं. त्या एजन्सीबरोबरचं काम आम्ही थांबवलं.

स्थलदर्शन आम्ही सोडलेलं नाही, फक्त त्यालाही वेळ वाढवला. कंबोडियातल्या अंकोरच्या देवळांचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर आणि तीन दिवसांचा ६२ डॉलर. तीन दिवस सलग वापरावे लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही चालतात. अंकोर वाटचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य देवळामागून उगवतो आणि सगळी गर्दी समोरच्या तळ्याकाठी जमते. सूर्योदय झाला की ती नाश्त्याला पांगते. आम्ही तेव्हाच आत शिरतो आणि सरळ मागच्या, पूर्वेकडच्या ओवरीत जातो. तिथे जवळपास पन्नास मीटर लांबीचं समुद्रमंथन कोरलेलं आहे : एका बाजूला ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मध्ये विष्णू आणि खाली कासव. सकाळचं तिरपं ऊन ओवरीत येतं, पॉलिश झाल्यासारखा दगड उजळतो आणि वासुकीला धरलेल्या हातांची रांगच्या रांग सुटी दिसू लागते. तासभर तरी द्यावा. वरच्या गाभाऱ्याकडे चढायला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शाल गुंडाळून भागत नाही, बाह्यांचा शर्टच घाला.

भूतानच्या तक्त्संग मठाला सकाळी आठला चढायला लागतो. ३,१२० मीटरवरचं हे ठिकाण काही पत्रिकांत पारोच्या विमानतळावर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवलेलं असतं. आम्ही ते शेवटच्या दिवसाआधी ठेवतो, तोवर शरीर सरावलेलं असतं. घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच, आणि शेवटच्या शेकडो पायऱ्या प्रत्येकानं स्वतःच चढायच्या. गुडघे दुखणाऱ्यांनी चढापेक्षा उताराची काळजी करावी आणि दोन काठ्या आणाव्यात.

फुजीला २०२५ पासून चारही वाटांवर ४,००० येन प्रवेशशुल्क आहे, आणि वरच्या झोपडीत आरक्षण नसेल तर दुपारी दोन ते पहाटे तीन फाटक बंद. एका रात्रीत न झोपता चढून उतरणाऱ्यांना रोखण्यासाठी हे केलं आहे आणि आम्हाला ते मनापासून पटतं. मलेशियातल्या किनाबालू शिखराला परवाने रोज मोजकेच मिळतात, म्हणून तिथली तारीख आधी पक्की होते आणि बाकीची सहल तिच्याभोवती बसवावी लागते.

कागदपत्रांत बहुतेक अडचणी नावाच्या असतात. पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकत्र, तिकिटावर मधलं गाळलेलं, व्हिसावर आडनावाचा रकाना रिकामा. आम्ही पासपोर्टच्या पानाचा फोटो मागवून त्यावरूनच नाव उतरवतो, फोनवर सांगितलेलं घेत नाही. परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत हवी. नेपाळला विमानानं जाणाऱ्या भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार फक्त पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना चालतं. ट्रेकच्या विम्यात दोन ओळी स्वतः वाचा : सहा हजार मीटरपर्यंत ट्रेकिंग समाविष्ट आहे का, आणि हेलिकॉप्टरनं सुटका आहे का. बऱ्याच साध्या प्रवासविम्यांत उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत असते. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावं लागतं, म्हणून तो क्रमांक लीडरच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेला असतो.

गट बाराचा. एक लीडर, दर चार जणांमागे एक स्थानिक मदतनीस, दोघांत एक भारवाहक आणि त्याच्या पाठीवर वीस ते पंचवीस किलो, त्याहून जास्त नाही. भारवाहकाचे बूट, जॅकेट आणि विमा आमच्या खर्चात धरलेले असतात. बारामागे तीन मदतनीस का, याचं उत्तर वाटेवर मिळतं. एक जण आजारी पडून खाली निघाला की त्याच्यासोबत एक मदतनीस जातो, दुसरा सर्वांत मागे राहतो, तिसरा पुढे वाट दाखवतो, आणि लीडर मोकळा राहतो. यातला एक कमी केला की आजाऱ्याला खाली पाठवायला लीडर कचरतो. मदतनीस कमी असलेल्या गटांत आजारी माणूस म्हणूनच उशिरा खाली जातो.

पुढच्या हंगामाच्या पत्रिका तयार आहेत. बेस कॅम्पच्या पत्रिकेत तिसरा, सहावा आणि शेवटचे दोन दिवस जाड अक्षरांत छापले आहेत आणि त्यांच्यापुढे मुक्काम का, ते एका ओळीत दिलं आहे. बुकिंग करणाऱ्यानं आधी त्या चार ओळी वाचाव्यात आणि बुटाच्या तळव्याचा फोटो आम्हाला पाठवावा. पैसे त्यानंतर भरावेत.