भंगारातल्या कॉम्प्युटरचा हिशोब : आमची वाटचाल

२००४ साली भोसरीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकलं. भंगारात यायचं असं काही ठरवलं नव्हतं, दुकानाचा माळा भरला म्हणून आलो. लोक जुना मॉनिटर ठेवून जायचे, ‘राहू दे भाऊ, नंतर नेतो’ म्हणायचे आणि नंतर कोणी फिरकायचंच नाही. २०११ च्या दिवाळीला बायकोने माळा साफ करायला लावला, भंगारवाल्याला बोलावलं, त्याने सगळा माल एकाच काट्यावर लोखंडाच्या भावाने घेतला आणि टेम्पोत भरताना मदरबोर्ड मात्र वेगळ्या गोणीत टाकायला लागला. विचारलं हे वेगळं का, तर नुसता हसला. त्या हसण्यावर आपला धंदा उभा आहे असं बायको अजून म्हणते.

१ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले, म्हणजे आता असंच खोलून विकता येणार नव्हतं, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि नोंदणी लागणार होती. कागद गोळा करण्यात वर्ष गेलं. २०१३ मध्ये पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं, मी, बायको हिशोबाला आणि खोलायला तिघं जण.

पहिल्याच वर्षी मार खाल्ला तो जुन्या डब्बा मॉनिटरमध्ये. मला वाटलं पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या तारेच्या गुंडाळीत, म्हणजे योकमध्ये, तांबं आहे, मोठं वजन आहे, स्वस्तात मिळतायत, घ्या. घेतले. एक तर काही योकमध्ये तांबं नसतंच, ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो, ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं, आणि हे आम्हाला कळलं ते माल विकायला नेल्यावर, समोरच्याने खरवडून दाखवलं तेव्हा. दुसरं म्हणजे काच. त्या काचेत शिसं असतं, ती कोणी विकत घेत नाही, उलट रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या साइटवर पाठवायला आपणच किलोवर पैसे भरायचे. तांब्याचे आले तेवढे काचेत गेले. तेव्हापासून कुठलाही माल घेताना आधी हे बघतो की यातलं न विकलं जाणारं किती आणि ते जाणार कुठे.

आता सोन्याचं. पाहुणे असोत नाहीतर बँकवाले, प्रत्येकजण हेच विचारतो, सोनं किती निघतं? लोक ऐकून येतात ते खोटं नाही, कॉम्प्युटरच्या चांगल्या बोर्डांच्या एका टनात साधारण दोन-अडीचशे ग्रॅम सोनं असतं आणि खाणीत टनाला पाच ग्रॅम निघालं तरी खाण चालते. पण एक टन बोर्ड जमवायला आम्हाला दीड हजाराच्या वर मशीन खोलायला लागतात आणि ते सोनं नीट काढायचं तर बेल्जियममधल्या होबोकेनला आहे तसली भट्टी लागते, आपलं शेड नाही. दुसरा रस्ता ॲसिडचा. दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला वर्षानुवर्षं तेच चालत आलंय, बोर्ड जाळायचे, ॲसिडमध्ये बुडवायचे, उरलेलं नाल्यात. हे लोक बोर्डला किलोमागे नोंदणीवाल्या रीसायकलरपेक्षा जास्त देतात, कारण सांडपाण्याचा, कामगाराच्या फुप्फुसाचा खर्च त्यांच्या वहीत नसतोच. पहिल्या वर्षी मीही दोनदा दिला त्यांना माल, खोटं कशाला बोलू. मग एका कंपनीने जुन्या मशीनचा लॉट देताना विचारलं की आमचे बोर्ड शेवटी कुठे गेले त्याचा कागद द्या, आणि माझ्याकडे कागद नव्हता. लॉट गेला. त्यानंतर नाही दिला.

एका साध्या डेस्कटॉपचा आमच्या वहीतला हिशोब सांगतो, भाव हलतात पण अंदाज येईल. पत्रा आणि लोखंड पाच किलो, १४० रुपये. मदरबोर्ड, प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक काढून, सहाशे ग्रॅम, १८०. एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लायचा डबा ६०, हार्डडिस्क ४०, डीव्हीडी ड्राइव्ह २०, हीटसिंकचं ॲल्युमिनियम ४५, वायरी ४०, प्रोसेसर आणि रॅम भंगाराच्या भावाने ५५. झाले ५८०. मशीन घेतलं ४०० ला, मजुरी २५, छोट्या हत्तीचं भाडं मशीनमागे ३०. उरले १२५, त्यातून शेडचं भाडं, लाइट, परवान्यांचे खर्च, न विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकची वाट लावणं हे सगळं गेलं की हातात पन्नास-साठ. आणि हे कधी, तर पोरगा दिवसाला पंचवीस मशीन खोलतोय तेव्हा. बाराच खोलली की मजुरी दुप्पट आणि पन्नासातलेही निम्मे गेले. लोखंड दोन रुपयांनी उतरलं की अजून दहा गेले.

मजुरीचं गणित सुटलं ते शेजारच्या दोन मावशींमुळे. पोरं छिन्नी-हातोडी घेऊन बसायची, पटापट तोडल्यासारखं वाटायचं पण माल एकमेकांत मिसळायचा, ॲल्युमिनियमला स्क्रू अडकलेला राहिला की घेणारा सरळ खालच्या ग्रेडचा भाव लावतो. मावशींनी पॉवर स्क्रूड्रायव्हर घेतला, समोर सात टब मांडले आणि भाजी निवडावी तसं सुरू केलं. सुरुवातीला मला हळू वाटायचं, महिन्याच्या शेवटी काट्यावर बघितलं तर पोरांपेक्षा किलोमागे जास्त पैसे आणत होत्या. (हार्डडिस्कमधले लोहचुंबक मात्र अजून कोणी धड भावाने घेत नाही, मावशींच्या घरी फ्रिजवर, कपाटावर, सगळीकडे तेच चिकटलेत.)

पण खरा पैसा कशात आला ते सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण मी मुळात रिपेअरिंगवाला, मला हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. चार जीबीची चालू रॅम भंगारात पंधरा-वीस रुपये, टेस्ट करून विकली तर अडीचशे. चौथ्या जनरेशनचं आय-३ मशीन खोललं तर वर सांगितले तेवढे, चालू करून एसएसडी टाकून क्लासवाल्याला दिलं तर चार-साडेचार हजार. आम्ही तीन वर्षं चालू मशीन तोडत होतो! २०१६ पासून नियम केला, आधी टेबलावर लावायचं, चालू झालं तर बाजूला, नाही झालं तर पार्ट काढायचे, आणि त्यातून उरेल तेच टबमध्ये. शंभरातली वीस-पंचवीस वाचतात, आणि घर त्या वीस-पंचवीसवर चालतं.

लॉट घेतानाही शिकलो. एकदा ऑफिसचा दोनशे मशीनचा लॉट बोली लावून घेतला, ‘जसा आहे जिथे आहे’ तत्त्वावर, शेडवर आणून उघडतो तर एकातही रॅम नाही, निम्म्यांत प्रोसेसर नाही. कोणी काढले देव जाणे, कागदावर सही माझीच. आता बोली लावायच्या आधी दहा मशीन मी स्वतः उघडतो, नाही म्हणाले तर हात जोडून परत.

एकदा फुगलेल्या लॅपटॉप बॅटरीत पोराचा स्क्रूड्रायव्हर घुसला. धूर, मग फसकन ज्वाळा. वाळूची बादली जवळ होती म्हणून शेड राहिलं, पोराच्या हाताला फोड आले, दवाखान्याचा खर्च आणि महिन्याचा पगार दिला. बॅटऱ्या आता मीच काढतो.

२०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यात नुसतं डिसमँटलर, म्हणजे माल खोलून सुटा करणारा, ही वर्गवारीच राहिली नाही. मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर, रीसायकलर, यातलं काय ते व्हा. दहा वर्षं ज्या पाटीखाली बसलो ती पाटीच गेली. रीसायकलर व्हायचं तर मशिनरीला कोटीत पैसा, तो नाही. बायको म्हणाली, कमाई तर दुरुस्तीतूनच होतेय, मग रडताय कशाला? रिफर्बिशर, म्हणजे दुरुस्त करून विकणारा, म्हणून नोंदणी केली, उरलेला माल नोंदणीवाल्या रीसायकलरला. टबातून येणारे किलोमागचे पैसे कमी झाले. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची गोडाऊनं पाडली, जवळचे ओळखीचे व्यापारी विखुरले, भाव विचारायलाही लांब जावं लागतं.

सध्या धावपळ आहे ती विंडोज १० मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून सहाव्या-सातव्या जनरेशनची ठणठणीत मशीन कंपन्या ढिगाने काढतायत. आम्ही विंडोजऐवजी लिनक्स टाकून देतो, एका अकाउंटंटला आवडलंय, दुसऱ्याने दोन दिवसांत परत आणून दिलं कारण त्याचं हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर चालेना.

उद्या सकाळी चाकणला ऐंशी मशीनचा लॉट बघायला जायचंय. दहा उघडू देणार का हे फोनवर विचारलं तर साहेब म्हणाले, या तर आधी. स्क्रूड्रायव्हर चार्जिंगला लावून ठेवलाय.