भजन ग्रिडवर बसेना

एका गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे एडिटिंगला आलं. देवळातच केलेलं, सगळे एकत्र बसलेले, क्लिक, म्हणजे वेग धरून देणारी टिकटिक, कुणाच्याच कानात नाही. अरेंजरला त्यावर ड्रम लूप आणि सिंथ चढवायचे होते. "सगळं 90 वर लॉक करून दे, आजच हवंय," एवढाच निरोप. म्हणजे सगळं एकाच वेगाच्या ग्रिडवर, सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेषांवर, बसवायचं.

अभंग 78 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 78 ठोक्यांना, उचललेला आणि शेवटच्या गजरात 104 ला पोचलेला. भजनात लय चढायचीच. न चढली तर टाळकऱ्यांचे पाय कसे उचलणार? 90 वर आणायचं म्हणजे सुरुवात दाबायची आणि गजर 15 टक्क्यांहून जास्त ताणायचा. गळा एवढा ताण एकवेळ सोसतो, टाळ नाही. ताणलेल्या गजरात टाळांचा नाद पाण्याखालून आल्यासारखा थरथरत होता. पखवाजाच्या 'धा'ची धार गेली होती, आणि काही ठिकाणी थापेमागे आणखी एक बारीक थाप ऐकू येत होती.

"मग फक्त पखवाज सरकव ना," अरेंजर म्हणाले. पण बुवांच्या माइकमध्ये पखवाज आहे आणि पखवाजाच्या माइकमध्ये टाळ. एकच ट्रॅक सरकवला की तीच थाप दोन माइकमधून मागेपुढे येते. त्यांना तेही करून ऐकवलं. पखवाज पोकळ झाला, जागोजागी डबल वाजायला लागला.

"दादा, भजन राहू दे. तुमचे लूप ताणू या."

रीपर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये भजनाच्या ट्रॅकचा टाइमबेस 'टाइम'वर टाकला, म्हणजे टेम्पो बदलला तरी ते जागचं हलणार नाही. मग भजनी ठेक्याच्या आठ मात्रांचं प्रत्येक आवर्तन कानाने ऐकत समेवर टेम्पो मार्कर, म्हणजे तिथल्या वेगाची खूण, ठोकत गेलो. कंटाळवाणं काम, पण ग्रिडच भजनामागे चालायला लागली. लूप ताणण्यात फारसं काही बिघडत नाही. त्यातले ठोके सुटे असतात, कापून सरकवले की झालं. सिंथ तर मिडीच, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज नव्हे, नुसत्या सुरांच्या सूचना; त्याला ताण कसला!

अडलं ते एका जागी. बुवा आलाप घेतात, पखवाज थांबतो, सम धरायला काहीच उरत नाही. तिथला लूप मी काढूनच टाकला. अरेंजर कुरकुरले, मग स्वतःच म्हणाले, "बरं, तिथे नुसता पॅड ठेव, सिंथचा लांब धरलेला सूर."

बिल मात्र त्यांनी लॉकिंगच्याच दराने मागितलं. अशा टेम्पो मॅपचा रकाना त्यांच्या रेटकार्डात नव्हता.