स्क्वेअर इंचाचा दर

माझं पहिलं मोठं काम म्हणजे एका पतसंस्थेच्या संस्थापकांचं तैलचित्र. फोटो मिळाला ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि चित्र हवं ३० बाय ३६ इंचांचं. पैशाचं विचारलं तर साहेब म्हणाले, "मॅडम, करा की तुम्ही आधी. संस्था काय पळून जातीय?" मी गप्प बसले. एटीडीला, म्हणजे कलाशिक्षक पदविकेला, आम्हाला पर्स्पेक्टिव्ह शिकवलं, अक्षरलेखन शिकवलं. पैसे मागायला कुणी शिकवलं नव्हतं.

चित्र झाल्यावर संचालक मंडळ बघायला आलं. एकाला फेटा जास्तच भगवा वाटला. दुसऱ्यांना कपाळावरची आठी नको होती. तिसरे म्हणाले, आठी काढली तर अण्णा ओळखूच येणार नाहीत. तैलरंगात खालचा थर वाळल्याशिवाय वरून दुरुस्ती नीट बसत नाही, त्यात पावसाळा. एकेका दुरुस्तीला आठ-दहा दिवस जायचे. शेवटी अनावरण झालं, हार घातला, पेढे वाटले. पैसे आले आठ महिन्यांनी, तेही त्यांच्या मनाला येतील तेवढे. दोष अर्धा माझाच होता, कारण आकडा मी कधी सांगितलाच नव्हता.

आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं गाव म्हणून कोल्हापूरला चित्रकाराचं कौतुक भरपूर आहे. चहा पाजतील, पोराबाळांना पाया पडायला लावतील. बिल दिलं की मात्र "घरातलंच माणूस समजा" सुरू होतं.

मी ज्यांच्याकडे हात बसवायला जायचे, त्या सरांनी एक दिवस चिडून सांगितलं, "इंचावर दर लाव. मग घासाघीस आकाराची होईल, तुझी नाही." हे पटलं. तेव्हा मी स्क्वेअर इंचाला १५ रुपये धरले. म्हणजे २४ बाय ३० चं व्यक्तिचित्र ७२० स्क्वेअर इंच, १०,८०० रुपये. फ्रेम वेगळी. निम्मे पैसे आधी. पेन्सिलचं कच्चं रेखाटन दाखवून त्यावरच सही घ्यायची, दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीला पैसे. पहिल्यांदा फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा पलीकडे इतकी शांतता पसरली की मीच "बघू, कमी करू" म्हणणार होते. सासूबाई समोर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी नुसता हात वर करून मला थांबवलं. पलीकडून आवाज आला, "बरं. कधी मिळंल?"

पण व्यक्तिचित्रं रोज येत नाहीत, घरभाडं दरमहा येतं. म्हणून घराच्या सोप्यातच, म्हणजे पुढच्या खोलीत, क्लास सुरू केला. चार मुलं, महिना ४०० रुपये. जूनमध्ये पालक येतात ते शासकीय रेखाकला परीक्षेसाठी, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड असली की दहावीला ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३. चित्रकलेवर एवढं प्रेम का, याचं उत्तर त्या ७ गुणांत आहे, आणि माझं भाडंही त्यावरच निघतं. तेव्हा नाक मुरडायचा मला फारसा हक्क नाही. फक्त एका गोष्टीवर मी अडून बसते. स्मरणचित्राला 'बाजार' नाहीतर 'बसस्टॉप' अशी तयार चित्रं घोटून घ्यायची पद्धत आहे, ती मी ठेवली नाही. मुलांना शनिवारी खरोखर मंडईत नेते. भाजीवाली वजन करताना कुठल्या बाजूला झुकते ते एकदा नीट बघितलं की परीक्षेत हात अडत नाही. या हट्टापायी दोन-तीन मुलं दुसऱ्या क्लासला गेली. गेली तर गेली.

खरी गंमत परीक्षेनंतर कळली. पेपर संपले आणि पुढच्याच सोमवारी सोपा रिकामा. ऐन दिवाळीच्या तोंडावर उत्पन्न शून्य. पहिलं वर्ष मी उधारीवर काढलं. दुसऱ्या वर्षी मोठ्या माणसांसाठी रविवार सकाळची जलरंगाची बॅच काढली. निवृत्त बँकवाले, एक डॉक्टरीणबाई, दोन गृहिणी. सकाळी सातला पंचगंगा घाट नाहीतर रंकाळा. ही मंडळी फी वेळेवर देतात आणि घरून डबाही आणतात. कागदाची एक युक्तीही तेव्हाच सापडली. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागदाचा, २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव मी एकगठ्ठा आणते आणि चार तुकडे करून विकते. त्यांना दुकानापेक्षा स्वस्त पडतो, मला चार पैसे सुटतात. २०१९ च्या पुरात असाच एक गठ्ठा खालच्या फळीवर राहिला होता. आता कागद माळ्यावर.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, मात्र उगाच दोन वर्षं लांबवली. एका एजंटाने १,५०० रुपये सांगितले होते. प्रत्यक्षात ती फुकट आहे. आधार, पॅन घेऊन मोबाइलवर अर्ध्या तासात झाली. जीएसटीची २० लाखांची मर्यादा अजून माझ्यापासून कोसभर लांब आहे.

गेल्या महिन्यात त्याच पतसंस्थेतून फोन आला. आता दुसऱ्या अध्यक्षांचं चित्र करायचं आहे. मी बोलत बसले नाही, व्हॉट्सॲपवर दरपत्रक टाकलं. संध्याकाळी निम्मे पैसे जमा झाले. पाठोपाठ फोटो आला: ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा.