ड्रायव्हरची रजा

गेल्या वर्षी जुलैत अण्णांना नेहमीच्या तपासणीसाठी आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला बांधू द्यायला ते काही केल्या तयार होईनात, म्हणून त्यांना धीर यावा या हेतूने डॉक्टरांनी तो आधी माझ्या दंडाला बांधला. आकडा आला १६८/१०२. पाच मिनिटांनी पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नव्हता. एस.टी.च्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून सारी नोकरी केलेले माझे वडील माझ्याकडे निरखून पाहत डॉक्टरांना म्हणाले, "या ड्रायव्हरला आज ड्युटी लावू नका, रजेवर पाठवा." हा आपला मुलगा आहे हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात नव्हते, हुकूम मात्र चोख होता.

अण्णांना अल्झायमर असल्याचे कळून आता पाच वर्षे होतील. या काळात त्यांचा सात खणांचा गोळ्यांचा डबा भरायचा एकदाही राहिला नाही. माझी स्वतःची रक्ततपासणी शेवटची केव्हा झाली होती, हे मात्र डॉक्टरांनी विचारल्यावर मला सांगता येईना.

त्याच पावसाळ्यात कमोडच्या खुर्चीची कड नडगीला लागून झालेली जखम महिनाभर रेंगाळली. साखर तपासली, ती ठीक निघाली. पुढे वाचनात आले की, १९९५ साली अमेरिकेतील ओहायोमध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर सारख्या मापाची बारीक जखम करून ती भरायला किती दिवस लागतात हे पाहिले होते, आणि अशी जबाबदारी नसलेल्या त्याच वयाच्या स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी ९ दिवस अधिक लागले होते. प्रयोग लहान होता आणि माझी नडगी हा काही पुरावा नव्हे. तरीही मनावरचा ताण कातडीपर्यंत पोहोचतो, हे मला प्रथमच पटले.

आमच्या घरात सर्वांत जास्त नुकसान झाले ते झोपेचे. कातरवेळ झाली की अण्णांची घालमेल सुरू होते आणि पहाटे साडेतीनला ते पहिली गाडी सोडायला निघतात. सुरुवातीला मी आणि माझी बायको दोघेही प्रत्येक आवाजाला दचकून उठत होतो, म्हणजे एका माणसाच्या जागरणापायी रोज तिघांची रात्र वाया जात होती, आणि सकाळी आम्ही दोघे एकमेकांवर डाफरत होतो. शेवटी पाळ्या ठरवल्या. ज्याची पाळी नाही त्याने आतल्या खोलीत दार लावून झोपायचे आणि काहीही ऐकू आले तरी हाक मारल्याशिवाय उठायचे नाही. हे दुसरे कलम पाळायला मला दोन महिने लागले. त्याबरोबर अण्णांचा दुपारचा डुलका अर्ध्या तासावर आणला, चारनंतरचा चहा बंद केला, सकाळी त्यांना उन्हात फिरवू लागलो आणि बाहेरच्या दाराला वर, सहज नजर जाणार नाही अशा जागी, आतून कडी बसवली. पहाटे त्यांच्याशी वाद घालणे तर केव्हाच सोडले. "गाडी अजून फलाटाला लागलेली नाही, तोवर पडा," एवढे म्हटले की बहुधा भागते. एकदा मात्र दोन दिवसांत त्यांचा गोंधळ एकदम वाढला, तेव्हा ते आजाराचेच समजून मी गप्प बसलो होतो. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. असा अचानक पडलेला फरक डॉक्टरांना लगेच कळवायचा असतो, हे तेव्हा शिकलो.

कंबर मी स्वतःच्या हाताने बिघडवून घेतली. अण्णांना काखेत हात घालून ओढून उठवायची सवय मला लागली होती, आणि त्यात त्यांचे खांदेही दुखावत होते. फिजिओथेरपिस्टने पद्धत दाखवली: त्यांना पलंगाच्या कडेला सरकवून बसवायचे, टाचा किंचित मागे घ्यायच्या, छाती पुढे झुकवायची, आपण पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत वाकायचे आणि इशारा देऊन दोघांनी एकदम उठायचे. "एक, दोन, तीन" हा इशारा अण्णांच्या डोक्यात शिरत नव्हता. मग एक दिवस मी "डबल बेल!" असे म्हटले, आणि वर्षानुवर्षे त्या घंटेवर गाड्या हलताना पाहिलेला माणूस बिनतक्रार उभा राहिला. आता माझ्या कंबरेवर त्यांचे निम्मेही वजन येत नाही.

जेवणाचे थोडक्यात सांगतो. त्यांना भरवायला पाऊण तास लागतो आणि नंतर ओट्याशी उभ्याने, त्यांच्या ताटात उरलेला गार भात मी जेवण म्हणून खात असे. आता मी आधी जेवतो, बसून.

मनाचे दुखणे सांगायला मला अधिक वेळ लागला. शुश्रूषा करणाऱ्यावरचा भार मोजण्यासाठी २२ प्रश्नांची झॅरिट यांची एक प्रश्नावली आहे. त्यात रुग्णाविषयी राग येतो का, असेही विचारलेले आहे. डॉक्टरांसमोर त्या प्रश्नाशी मी अडखळलो आणि मग "येतो" असे सांगितले. ऐकून ते दचकले नाहीत, याचाच मला मोठा आधार वाटला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे आणि १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. एका रात्री, अण्णांवर हात उगारण्याची वेळ आली असता, मी तो क्रमांक लावला होता. ते इथे लिहिताना अजूनही लाज वाटते.

मदतीविषयी माझे मत आता थोडे रोखठोक झाले आहे. "काही लागले तर सांग" असे म्हणणारे नातेवाईक खोटे बोलत नसतात, पण काय लागते हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून मी सरळ वार आणि वेळ सांगतो. नाशिकची बहीण दर तीन महिन्यांनी आठवडाभर येते, पहिल्यांदा बोलावले तेव्हा "आधी का नाही सांगितलेस?" म्हणून तीच माझ्यावर रागावली. अंघोळीसाठी सकाळी ब्युरोचा मामा, म्हणजे रुग्णसेवेचा पगारी मदतनीस, येतो. परक्या माणसाने वडिलांना अंघोळ घालावी हे मला टोचत होते. अण्णांना अजिबात टोचले नाही.

आणि गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर अण्णांजवळ बसतात. पहिल्या गुरुवारी ते दोन तास कुठे घालवावे हेच मला सुचेना. सातारच्या स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसलो आणि चहा घेऊन परतलो. हल्ली साताऱ्यातल्याच 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चालत जातो. रक्तदाबाची गोळी चालूच आहे, गेल्या आठवड्यात आकडा १३४/८४ होता. घरी परतलो की अण्णा विचारतात, "किती लेट?" मी "दहा मिनिटे" म्हणतो, आणि ते उशाची जुनी वही काढून त्यात काहीतरी नोंदवतात.