न उडवलेले रोहित

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की चौफुला, पाटस, कुरकुंभ ओलांडून साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण येते. साखर कारखान्यांचा हंगाम असेल, तर पहाटेच्या अंधारात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चुकवत गाडी चालवावी लागते. त्यांच्या मागचे दिवे बहुधा नसतातच. त्यामुळे ‘सूर्योदयाला पाण्यावर असले पाहिजे’ हा आम्हा हौशी छायाचित्रकारांचा आग्रह कितीही रास्त असला, तरी चार वाजता निघून वेगाने जाण्यापेक्षा तीनला निघून सावकाश जाणे मला पटते. आठवडाभर कार्यालयात आकडे पाहायचे आणि सुटीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून बाहेर पडायचे, एवढीच माझी या क्षेत्रातली पात्रता आहे. भिगवणला मात्र मी पुन्हा पुन्हा जाते, आणि या फेब्रुवारीअखेरीसही गेले.

भिगवणला जायचे ते उजनी धरणाच्या फुगवट्यासाठी. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात आणि त्याची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली, तरी फुगवट्याचे पाणी पार इंदापूर-दौंडपर्यंत मागे पसरलेले असते. पक्षी पाहायला येणाऱ्यांना बहुतेक वेळा महिना विचारायची सवय असते. डिसेंबरात यावे की मार्चमध्ये, असे प्रश्न मलाही अनेकांनी विचारले आहेत. खरे तर विचारायला हवे ते पाणी किती उतरले आहे, हे. पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेल्या जलाशयात रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्याला उभे राहायलाच जागा नसते. शेतीसाठी आणि पिण्यासाठी पाणी सोडले जाते, पातळी खाली येते, काठची गाळाची जमीन उघडी पडते आणि तिच्या कडेने घोटाभर, गुडघाभर पाण्याचे पट्टे तयार होतात. रोहित उतरतात ते या पट्ट्यांत. सगळे गणित धरणाच्या विसर्गावर असल्यामुळे एखाद्या वर्षी ते लवकर येतात, एखाद्या वर्षी आपण नुसत्या पाण्याचे फोटो घेऊन परततो.

भिगवणपासून काही किलोमीटरवरच्या कुंभारगावात होड्या मिळतात. इथले बरेच होडीवाले मुळात मासेमारी करणारे आहेत. रात्री लावलेली जाळी पहाटे काढायची आणि उजाडल्यावर आमच्यासारख्यांना पाण्यावर न्यायचे, असा अनेकांचा दिनक्रम असतो. माझ्या होडीवरचे मामा साठीच्या आसपासचे होते. त्यांनी माझी तिपाई पाहिली आणि ती गाडीतच ठेवायला सांगितली, ते अगदी बरोबर होते. हलत्या होडीत तिपाईचा उपयोग शून्य, उलट अडचण मात्र फार. मोहरी भरलेली एक जुनी उशी होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची आणि स्वतः फळीवर न बसता तळाशी बसकण मारायची, ही पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. पँट भिजते, पण कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीच्या जवळ येतो. उभे राहून वरून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे केवळ गढूळ पाणी दिसते. खाली बसल्यावर दूरचा काठ आणि त्यावरचे धुके मागे येऊन पक्षी सुटा दिसू लागतो.

रोहितांचा थवा दिसताच मामांनी इंजिन बंद केले. त्यानंतर वल्हेही बाजूला ठेवून लांब बांबू गाळात रोवत, होडी सरळ थव्याकडे न नेता त्यांनी मोठा वळसा घातला. मी घाई करत होते, कारण सोनेरी उजेड फार तर अर्धा तास टिकतो. मामा म्हणाले, “ताई, ऊन पाठीला घेऊ द्या. आन् वाराबी तिकडूनच हाय. थोडं दम धरा.” उजेडाचे मलाही कळत होते. वाऱ्याचे मात्र त्यांनी सांगेपर्यंत माझ्या डोक्यात नव्हते. ते पुढे येईलच.

थांबल्यावर पहिले काम उजेड मोजण्याचे. पांढऱ्या पक्ष्याने चौकट भरली, की कॅमेरा फसतो आणि सगळे राखाडी करून टाकतो, म्हणून कॅमेऱ्यातली उजेडाची भरपाई (एक्सपोजर) थोडी वाढवावी लागते. मात्र ऊन वर चढू लागले, की हीच भरपाई पिसांचे बारकावे जाळून टाकते. रोहिताचा गुलाबी रंग तर आणखी नाजूक असतो. तो त्याला शेवाळातल्या आणि बारीक कवचधारी जीवांमधल्या रंगद्रव्यांतून मिळतो. पिल्ले करड्या-तपकिरी रंगाची असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षे लागतात. थव्यात अशी बरीच मळकट पोरे होती. बाजूच्या होडीतल्या मंडळींनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. मला मात्र तीच चौकटीत हवी होती, कारण सगळे गुलाबी असताना मध्येच एक करडा पक्षी असला, की थवा कुटुंबासारखा दिसतो.

एक पक्षी आमच्यापासून जरा जवळ चरत होता. त्याने मान खाली घालून चोच अशी उलटी धरली होती, की तिचा वरचा भाग तळाकडे आला होता. जीभ भराभर मागे-पुढे होत होती आणि चोचीच्या कडेने गढूळ पाणी सतत बाहेर पडत होते. आतल्या कंगव्यासारख्या कडांमध्ये अडकलेले अन्न तेवढे गिळले जाते. त्याच वेळी त्याचे पाय गाळ तुडवत होते. तो जवळजवळ एकाच जागी गोल फिरत राहिला आणि त्याच्याभोवती गढूळ पाण्याचे एक कडे तयार झाले. मधूनच मान वर करायचा, तेव्हा चोचीच्या काळ्या टोकावरून चिखलाचा थेंब ओघळायचा. एक सहस्रांश सेकंदाच्या वेगात तो थेंब हवेत थिजतो. मी त्या एकाच पक्ष्यावर बराच वेळ घालवला.

इतक्यात शेजारच्या होडीतून आवाज आला, “अहो, जरा उडवा ना!” भिगवणला ही मागणी नेहमीची आहे. पंख उघडल्यावर दिसणारा लाल-काळा रंग सर्वांना हवा असतो, म्हणून कोणी टाळ्या वाजवतो, कोणी होडी थेट थव्यात घालायला लावतो. जादा पैशांच्या आशेने काही होडीवाले ते करतातही, आणि त्यांना दोष देण्याआधी मागणाऱ्याकडे पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. रोहिताला जागेवरून झेप घेता येत नाही. पाण्यावरून लांबवर धावत जाऊन त्याला वेग पकडावा लागतो, आणि एवढी ताकद तो ज्या चरण्यातून मिळवत असतो तेच आपण मोडलेले असते. दिवसभरात अशा होड्या कितीतरी येतात. शिवाय उडवलेला पक्षी साहजिकच होडीकडे पाठ करून पळतो, म्हणजे फोटोत शेपट्या आणि पायच जास्त येतात. यात छायाचित्रकलेचा तरी काय लाभ?

मामांनी आमची होडी हलवली नाही. काही वेळाने, कुणीही न हाकलता, थव्यातल्या काही पक्ष्यांनी जागा बदलायचे ठरवले. माना ताठ झाल्या, एका सुरात आवाज सुरू झाला आणि ते धावू लागले, थेट आमच्या दिशेने. रोहित वाऱ्याला तोंड देऊन उडतो. वारा आमच्या पाठीकडून त्यांच्याकडे जात होता आणि ऊनही आमच्या पाठीशी होते, त्यामुळे पक्षी समोरून, उघड्या पंखांनी, पूर्ण उजेडात आले आणि आमच्या बाजूने वळून गेले. मामांनी मघाशी घातलेल्या वळशाचा अर्थ मला तेव्हा उमगला. फोटोखाली नाव माझे लागेल, पण चौकट त्यांनी बसवली होती.

परतीच्या वाटेवर जाळ्यांच्या खांबांवर नदीसुरय आणि कुरव बसलेले होते. लांबच्या काठावर पट्टकादंब राजहंस होते. तिबेट, मंगोलिया, लडाखकडून हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे ऊन चढताच डोके पंखात खुपसून झोपतात, त्यामुळे त्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे टिपायचे, तर सकाळीच गाठावे लागते. ते मी पुढच्या वेळेवर सोडले. काठावर बायका चिलापी मासे निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारून दोन फोटो काढले आणि तीच चिलापी रस्त्यावरच्या एका साध्या खानावळीत भाकरीबरोबर खाल्ली.

इथवर आलेल्यांनी पळसदेवलाही जरूर जावे. पळसनाथाचे जुने मंदिर धरणाच्या पाण्यात गेले आणि गाव वर सरकले. पाणी उतरू लागले, की आधी विटांचे शिखर दिसते आणि पातळी फार खाली गेली, तर सारे मंदिर कोरडे पडते. मी गेले तेव्हा शिखरच तेवढे वर होते आणि भर दुपार होती, म्हणून कॅमेरा बाहेर काढलाच नाही.

घरी आल्यावर शेकडो फोटोंमधून मोजके निवडले आणि ठरल्याप्रमाणे मामांना व्हॉट्सॲपवर पाठवले. धावत येणारे रोहित, चोचीवरचा थेंब, करडी पिल्ले, सगळे गेले. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा निरोप आला की फोटो छान आहेत, पण ज्यात होडी पूर्ण दिसते आणि तिच्यावर रंगवलेला मोबाईल नंबर वाचता येतो, असा एखादा असला तर हवा आहे, बोर्डावर लावायला. पक्षी नसला तरी चालेल. तसा एक निघाला. नंबर स्वच्छ दिसेल इतका कापून, उजळ करून पाठवला.