पूलचं हिरवं पाणी आणि गोळ्यांची भानगड

दीड वर्ष आमच्या घरच्या स्विमिंग पूलचं पाणी मस्त होतं आणि मग हिरवं व्हायला लागलं, तेही टेस्ट पट्टीवर क्लोरीन ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग) दिसत असताना. मला कळेचना, क्लोरीन आहे तर शेवाळ येतंय कुठून? मग क्लोरीनच्या अजून गोळ्या टाकल्या, शेवाळाचं औषध टाकलं, चार दिवस बरे जायचे की परत भिंती बुळबुळीत.

शेवटी थेंबांवाली टेस्ट किट आणली (पट्टीचे रंग जुळवत बसू नका, खरंच) आणि पहिल्यांदाच सायन्युरिक ॲसिड म्हणजे स्टॅबिलायझर मोजलं. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो, किटमधलं रसायन मिसळून गढूळ झालेलं पूलचं पाणी वरून ओतत जायचं, ठिपका दिसेनासा झाला तिथला आकडा वाचायचा. माझा ठिपका जरासं ओतल्यावरच गेला, म्हणजे १०० च्या वर. मग अर्धं पूलचं अर्धं नळाचं पाणी घेऊन परत केलं, ६० आलं, दुप्पट केल्यावर १२०! हवं असतं ३० ते ५०.

आणि हे सगळं गोळ्यांमधून आलेलं. माझ्या गोळ्या ट्रायक्लोर प्रकारच्या, त्यांतून १० पीपीएम क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम स्टॅबिलायझर जातं, क्लोरीन संपतं पण ते तसंच साठत राहतं. थोडं असलं तर उन्हापासून क्लोरीन वाचवतं, जास्त झालं की क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की पट्टीवर ३ दिसतं पण शेवाळ मरत नाही. ज्याने पूल बसवून दिला त्याने हे एकदा तरी सांगायला हवं होतं, मला अजून राग येतो.

कमी करायचा साधा उपाय एकच, पाणी बदलणं. पूर्ण रिकामा मात्र करू नका, जमिनीत पाणी वर असेल तर रिकामा पूल वर उचलला जाऊ शकतो. मी अर्धं काढून भरलं, ६० आलं, आठवड्याने अजून एक तृतीयांश, मग ४०.

त्यानंतर अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण. गोळ्या आम्लधर्मी असल्याने ती ६० वर आलेली आणि पीएच ७.०. आमचा पूल ४८,००० लिटरचा, त्याला १० पीपीएम वाढवायला साधारण ८०० ग्रॅम खायचा सोडा लागतो, मला ९० हवी होती म्हणून २.४ किलो, पण अर्धा आज, पंप रात्रभर चालू, मोजून मग उरलेला. पीएच सोड्याने थोडाच वाढला. बाकीचं काम पाण्याच्या आत येणाऱ्या जेटचं तोंड वर करून झालं, पाणी उसळत राहिलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो, दोन दिवसांत ७.५.

मग लिक्विड क्लोरीनने १६ पीपीएमपर्यंत नेलं, ऊन उतरल्यावर, आणि शेवाळ मरेपर्यंत तिथेच टिकवलं, रोज ब्रश, रोज फिल्टरचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं). ॲसिड आणि क्लोरीन एका जागी ठेवू नका, दोन प्रकारचं क्लोरीन तर कधीच एकत्र करू नका, आणि ॲसिड लागलंच तर पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही.

पाचव्या रात्री झोपायच्या आधी मोजलं आणि उजाडायच्या आधी परत मोजलं, रात्रभरात क्लोरीन १ पीपीएमने सुद्धा घटलं नव्हतं. म्हणजे क्लोरीन खाणारं शेवाळ मेलं. सकाळी तळाच्या जाळीचे स्क्रूसुद्धा दिसत होते, मी बराच वेळ काठावर उभी राहून नुसती बघत होते.

फ्लोटर (गोळ्या ठेवायचा तरंगता डबा) आता गॅरेजमध्ये आहे, गोळ्या फक्त बाहेरगावी जाताना, एरवी रोज संध्याकाळी लिक्विड.